सेट नंबर चार

मिरजकर तिकटीच्या उताराला आमचं दुकान होतं,
दहा बाय आठचं, सोल्डरच्या वासाचं.
दुपारी एक वाजता सगळी तिकटी जेवायला जायची
आणि हवेतून एकच चित्र यायचं:
फळा, खडू,
पांढऱ्या सुती साडीतल्या एक बाई.
कुठल्या गावाहून बोलायच्या, कधी कळलं नाही.

आप्पा तेव्हाच सेट तपासायचे.
सेटची पाठ उघडी, आत धूळ, झुरळांची अंडी,
आणि स्टुलाशेजारी पोत्यावर मी,
सहावीतली, सकाळची शाळा सुटलेली.

एखादं गिऱ्हाईक दारातूनच ओरडायचं,
"मगदूम, काय हे सुतक लावलंय? गाणी लावा की!"
आप्पा डोकं वर न काढता,
"गाण्यात समदंच रंगवल्यालं असतंय.
बाईंच्या खडूवर पांढरा लावतो मी.
खडू खोटं बोलत न्हाई."

एकदा सात सेट एकदम चालू होते.
साताठिकाणी चंद्र.
एकात हिरवा, एकात जांभळा,
एकात अंड्यासारखा लांबट,
एकात सारखा वर सरकणारा,
जणू त्याला रंकाळ्याची बस गाठायची होती.
तमगाव्यांच्या सेटात नुसता आवाज,
सेट नंबर चारमध्ये नुसतं चित्र.
मी विचारलं, खरा कुठला?
आप्पा म्हणाले,
"चंद्र बरोबर हाय. सेट चुकल्यात."

हे वाक्य मी पुढं पुष्कळ ठिकाणी वापरलं.
सासरीसुद्धा.

बाई अर्ध्याहून जास्त इंग्रजीत बोलायच्या.
पण मधे थांबायच्या.
खरंच थांबायच्या: फळा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुसायच्या
आणि तेवढ्या वेळात कुणी साबण घेऊन आत घुसायचं नाही.
ओला फळा वाळेपर्यंत
आम्ही तिघं गप्प बसायचो,
बाई, आप्पा, मी.

मला आता कळतं ते काय होतं.
रोज एक तास
एवढ्या मोठ्या देशात
कुणाला तरी मला काही सांगायचं होतं
आणि माझ्याकडून काही नको होतं.
आमच्या दुकानाला तर बाईंनी ओळखलंही नसतं.

आज मी पंचगंगेचं पाणी तपासते.
काचेवर थेंब ठेवते, भिंगाखाली सरकवते,
धुक्यातून काहीतरी वळवळत ठळक होत जातं
तेव्हा चिमटीत आप्पांचाच अर्धा आटा फिरत असतो.
मी अहवाल लिहिते. तो फारसा कुणाला आवडत नाही.
मी आणखी एकदा भिंग पुसते,
सेट तर चुकला नाही ना, बघते,
आणि तेच परत लिहिते.

घरी पुतण्या मोबाईलवर पेशी शिकतो.
केंद्रकापाशी पोचेपर्यंत
त्याला तीनदा कर्ज मंजूर झालेलं असतं.
अकरा वर्षांचा आहे.
परवा म्हणाला, आत्या, जाहिराती नसत्या तर
हे चालवायला पैसे कोण देणार?
मला चटकन उत्तर आलं नाही.
सगळ्यांनी, म्हणाले, थोडे थोडे.
त्याला ते दुपारच्या गोष्टीसारखं वाटलं असावं.

दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात.
माळा आवरताना आप्पांचं बिलबुक सापडलं,
सत्याऐंशी सालचं, कार्बनचा निळा अजून बोटाला लागणारा.
कंडेन्सर, फ्युज, मजुरी, बाकी येणे.
आणि मागच्या कोऱ्या पानावर,
चौथीत शाळा सुटलेल्या माणसाच्या
टाइपसारख्या सुट्या सुट्या अक्षरात:

सेट नं. ४. आवाज नाही, फक्त चित्र.
पान ऊन खाते असे दिसते.
कसे ते कळले नाही.
बाळीला विचारणे.